दोन मापं आणि मधले अकरा महिने

पत्र

ताई, माझी मुलगी नुकतीच दहा वर्षांची झाली. आम्ही कुडाळ तालुक्यात राहतो. सव्वादोन वर्षांपूर्वी, मार्च महिन्यात, ती काजूच्या झाडावरून पडली आणि उजव्या गुडघ्याच्या अगदी वर हाड मोडलं. प्लॅस्टर झालं, हाड जुळलं, ती चालायला लागली आणि आम्ही सुटकेचा श्वास टाकला. गेल्या वर्षी शाळेतल्या बाईंनी सांगितलं की ती थोडी लचकत चालते. जुलैमध्ये तालुक्याला दाखवलं. तिथे टेपने मोजून ‘किंचित फरक, साधारण एक सेंटिमीटर’ असं सांगितलं. या जूनमध्ये दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी पायाखाली लाकडी ठोकळे ठेवून ‘दोन सेंटिमीटर’ म्हटलं. दोघांतलं खरं कोण मानायचं? सासूबाई म्हणतात, मुलांची हाडं आपोआप भरून येतात, त्यांच्या भावाचा पाय असाच बरोबर झाला होता. मिस्टर मुंबईला असतात, त्यांनी फोनवर पाय लांब करण्याच्या ऑपरेशनचा व्हिडिओ पाहिलाय, ते म्हणतात मोठी झाली की ते करू. चांभाराकडून उजव्या बुटाची टाच दीड सेंटिमीटर उंच करून घेतली, तर तिची पोटरी दुखते. एक हाडवैद्य तेल लावून पाय ओढून देतो म्हणतो. मुलीला फक्त एवढंच विचारायचंय की खो-खो खेळता येईल का. झाडावर मीच चढू दिलं होतं तिला.

— एक आई, कुडाळ

उत्तर

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना मीही तुमच्यासारखीच चुकले. एक म्हणतो एक, दुसरा म्हणतो दोन, म्हणजे कुणाची तरी पट्टी चुकली असणार, असं वाटलं. दुसऱ्यांदा वाचताना महिने दिसले. पहिलं माप जुलैचं, दुसरं पुढच्या जूनचं. मध्ये अकरा महिने गेलेत आणि तुमची मुलगी वाढत्या वयाची आहे. त्यामुळे दोघंही बरोबर असण्याची शक्यता आहे. माझी काळजी तिथूनच सुरू होते.

गुडघ्याच्या लगेच वर, मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला, वाढीची एक पट्टी असते. डॉक्टर तिला ग्रोथ प्लेट म्हणतात. मांडीच्या हाडाची सुमारे सत्तर टक्के वाढ या एका पट्टीतून होते. दहा वर्षांच्या मुलीत ती वर्षाला साधारण एक सेंटिमीटर हाड तयार करते. आता तुमचे आकडे पुन्हा बघा. पडल्याला सव्वादोन वर्षं झाली आणि फरक दोन सेंटिमीटरचा, म्हणजे वर्षाला जवळपास एक. हे गणित जुळतं, आणि ते जुळू नये असं मला मनापासून वाटत होतं. त्या पडण्यात ही पट्टी दुखावली असेल आणि तिने काम थांबवलं असेल, तर उजवा पाय वाढताना दर वर्षी मागे पडत राहील. मांडीच्या हाडाच्या या टोकाला मार लागल्यावर वाढ थांबण्याचं प्रमाण हाडाच्या इतर टोकांपेक्षा बरंच जास्त असतं. हाड जुळलं म्हणजे पट्टीही वाचली, असं होत नाही. तुम्हाला तेव्हा हे कुणी सांगितलं नसेल तर त्यात तुमचा दोष नाही.

सासूबाईंचं म्हणणं उडवून लावू नका. त्यांनी पाहिलेलं खरं असणार. साधारण दोन ते दहा वर्षांच्या मुलाचं मांडीचं हाड मधोमध मोडलं, तर जुळताना तिथला रक्तपुरवठा वाढतो आणि तो पाय पुढच्या वर्ष-दीड वर्षात सेंटिमीटरभर जास्तच वाढतो. थोडा आखूड जुळलेला पाय त्यामुळे बरोबरीला येतो. त्यांच्या भावाचं तसंच झालं असेल. पण तो नियम हाडाच्या मधल्या दांड्याचा आहे. तुमच्या मुलीचं हाड टोकाशी, वाढीच्या पट्टीजवळ मोडलं. त्यांना हे एवढ्याच शब्दांत सांगा, समजेल. वयस्कर माणसाला ‘तुम्ही पाहिलं ते खरं, पण ही जागा वेगळी’ असं म्हटलं की ते ऐकून घेतात, हा माझा तीस वर्षांचा फिजिओथेरपीतला अनुभव आहे.

हाडवैद्याकडे मात्र नेऊ नका. थांबलेली पट्टी ओढल्याने, तेलाने, लोंबकळण्याने किंवा कॅल्शियमच्या गोळीने पुन्हा चालू होत नाही. जोरात ओढलं तर गुडघ्याचं नुकसान होईल.

आता मोजण्याबद्दल. टेपने मोजताना कमरेच्या पुढच्या बाजूला हाताला टोचणाऱ्या हाडापासून आतल्या घोट्यापर्यंत अंतर घेतात. लहान मुलीत ते टोचणारं हाड नेमकं सापडवणं कठीण असतं. बोट जरा इकडेतिकडे सरकलं की अर्धा-एक सेंटिमीटरचा फरक पडतो. म्हणून ‘टेपने एक’ हे माप मी अंदाज म्हणूनच घेईन. ठोकळ्यांची पद्धत जास्त विश्वासाची. आखूड पायाखाली ठोकळे वाढवत जायचं, कंबर समपातळीत आली की ठोकळ्याची उंची म्हणजेच फरक. पण तिलाही एक अट आहे, दोन्ही गुडघे पूर्ण सरळ हवेत. गुडघा पूर्ण सरळ होत नसेल किंवा कंबर आखडलेली असेल, तर पाय आखूड नसतानाही आखूड दिसतो. तपासणाऱ्याने हे आधी पाहिलं का, ते विचारा.

घरी तुम्हीही बघू शकता. दोनशे पानी वह्या घ्या, प्रत्येकीची जाडी फूटपट्टीने मोजून मुखपृष्ठावर लिहा. मुलीला अनवाणी, दोन्ही पाय जवळ ठेवून भिंतीकडे तोंड करून उभी करा. मागे बसून तिच्या कमरेच्या दोन्ही बाजूंच्या हाडांवर आपले अंगठे टेका. उजवा अंगठा खाली दिसेल. शाळेच्या स्कर्टची कड बघितलीत तर तीही उजवीकडे खाली गेलेली असेल. उजव्या पायाखाली एकेक वही सरकवत जा. अंगठे एका रेषेत आले की थांबा. मग तिला पाठीवर झोपवून गुडघे वाकवा, दोन्ही टाचा जवळ, तळवे जमिनीला टेकलेले. बाजूने बघा. उजवा गुडघा डाव्यापेक्षा कमरेकडे मागे गेलेला दिसला तर मांडीचं हाड आखूड, गुडघा खाली दिसला तर नडगीचं. हे डॉक्टरांच्या तपासणीच्या जागी नाही, पण तुमच्या हाताला कळलं की त्यांच्याशी बोलताना अडखळायला होत नाही. आणखी एक बघा, ती समोर तोंड करून उभी राहिल्यावर उजवा गुडघा आत वळलेला किंवा बाहेर फाकलेला वाटतो का? पट्टीचा एकच भाग बंद पडला तर पाय आखूड होतोच, शिवाय वाकडाही होतो. हे लवकर दिसायला हवं.

माझा सगळ्यात आग्रहाचा मुद्दा इथे येतो. वाढत्या मुलात पायाची लांबी एकदा मोजून काहीच कळत नाही. दर सहा महिन्यांनी, त्याच पद्धतीने, शक्य तर त्याच माणसाकडून, तारीख घालून मोजलं तर कळतं. ‘किंचित फरक’ हा शब्द कागदावर चालवून घेऊ नका. ‘उजवा पाय 2 सेंमी आखूड, ठोकळ्यांनी, गुडघे सरळ’ असं लिहून मागा. संकोचू नका. चांगल्या डॉक्टरला अशी आई आवडते.

का म्हणते ते सांगते. पुष्कळ वर्षांपूर्वी माझ्याकडे सोळा वर्षांचा एक मुलगा आला. नऊ वर्षांचा असताना त्यालाही तिथेच लागलं होतं. वडील पोत्यात एक्स-रे घेऊन आले होते. आठ पावसाळे खाल्लेल्या त्या फिल्म एकमेकींना अशा चिकटल्या होत्या की सोडवताना चित्र निघून आलं. कागदांवर चार ठिकाणी ‘थोडा आखूड’ लिहिलेलं, आकडा एकही नाही. तोपर्यंत फरक पाच सेंटिमीटरच्या पुढे गेला होता आणि त्याची वाढ संपली होती. वडील शिकलेले होते, मुलाला जपणारे होते, दर वर्षी दाखवून आणत होते. कुणीही तारखा शेजारी-शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या. मी त्या दिवशी त्यांना काय सांगितलं ते आठवत नाही. मात्र त्या पोत्याचा ओलसर वास अजून आठवतो.

वाढ संपण्याआधी हातात जे उपाय असतात, ते वाढ संपल्यावर उरत नाहीत. म्हणून ‘मोठी झाली की करू’ हे तुमच्या मिस्टरांचं वाक्य मला थांबवायचं आहे. हिशेब असा. मुलींची पायाची वाढ ढोबळमानाने चौदाव्या वर्षी संपते, मुलांची सोळाव्या. गुडघ्याच्या वरची पट्टी वर्षाला सुमारे एक सेंटिमीटर वाढ देते, गुडघ्याच्या खालची, नडगीच्या वरच्या टोकाची, सुमारे सहा मिलिमीटर. तुमच्या मुलीची उजवी वरची पट्टी पूर्ण बंद असेल, तर पुढच्या चार वर्षांत आणखी चार सेंटिमीटर मागे पडणार, म्हणजे चौदाव्या वर्षी फरक सहा सेंटिमीटर. आता समजा दहाव्या वर्षीच ऑपरेशन करून डाव्या, म्हणजे चांगल्या पायाच्या गुडघ्याच्या वरची आणि खालची अशा दोन्ही पट्ट्या थांबवल्या. उजवी नडगी वाढत राहील आणि चार वर्षांत चोवीस मिलिमीटर भरून काढेल. फरक जवळजवळ मिटतो. हेच बाराव्या वर्षी केलं, तर तोपर्यंत फरक चारवर गेलेला असेल आणि उरलेल्या दोन वर्षांत बारा मिलिमीटरच भरून निघतील. शेवटी जवळपास तीन सेंटिमीटर उरतात. चौदाव्या वर्षी हा उपाय संपलेला असतो. हा हिशेब बोटांवरचा आहे, शस्त्रक्रिया ठरवायला डॉक्टर याहून बारकाईने मोजतील. पण वेळ का महत्त्वाची ते यातून कळतं.

चांगला पाय थांबवायचा, हे ऐकून कुठल्याही आईच्या पोटात कालवतं. मलाही पहिल्यांदा विचित्र वाटलं होतं. ऑपरेशन लहान असतं. गुडघ्याच्या बाजूला छोटे छेद देऊन पट्टी खरवडतात किंवा स्क्रू घालतात, आणि काही आठवड्यांत मूल पूर्ववत चालतं. त्याची किंमत उंचीत मोजावी लागते. दोन्ही पट्ट्या दहाव्या वर्षी थांबवल्या तर तिची उंची सहा सेंटिमीटरच्या आसपास कमी होईल. फक्त वरची पट्टी थांबवली, तर फरक आहे तिथे, दोन सेंटिमीटरवर राहील आणि उंचीतले चार सेंटिमीटर जातील. दोन सेंटिमीटरचा फरक घेऊन माणसं आयुष्यभर काम करतात, बुटात सोल घालून चालतात. तुम्ही दोघं उंच आहात की बेताचे, यावरही हे ठरेल. ही गोष्ट कुटुंबाने बसून ठरवायची आहे, आणि मुलगी दहा वर्षांची असली तरी तिलाही समोर बसवून.

आणि त्याच्याही आधीचा एक प्रश्न आहे, तो पहिल्याच भेटीत विचारा: ‘पट्टी पूर्ण बंद आहे की थोडीच?’ थोडाच भाग हाडाने जोडला गेला असेल, पट्टीच्या निम्म्याहून कमी, आणि किमान दोन वर्षांची वाढ शिल्लक असेल, तर तो जोडलेला तुकडा काढून तिथे चरबी भरतात. पट्टी पुन्हा वाढण्याची आशा असते. खात्री नसते, पण दहा वर्षांच्या मुलीसाठी विचारण्यासारखा प्रश्न आहे. एमआरआयमध्ये तो तुकडा दिसतो. साध्या एक्स-रेमध्येही खूण मिळते: पडल्यानंतर वाढ काही दिवस मंदावते, त्याची एक बारीक पांढरी रेघ हाडात उमटते आणि हाड वाढेल तशी ती पट्टीपासून दूर जाते. रेघ पट्टीला समांतर असेल तर वाढ सगळीकडे सारखी चाललीय. एका बाजूने तिरकी होऊन पट्टीला जाऊन मिळत असेल, तर तिथे अडकलंय. रेघच दूर गेली नसेल, तर पट्टी थांबलीय. डॉक्टरांना ती रेघ दाखवायला सांगा, उजेडावर तुम्हालाही दिसेल.

मिस्टरांनी पाहिलेलं ऑपरेशनही खरं आहे. सैबेरियातल्या कुर्गान शहरात डॉ. गावरिल इलिझारोव्ह यांनी 1950च्या दशकात ही पद्धत उभी केली. पश्चिम युरोपला तिची खरी ओळख झाली ती कार्लो माउरी या इटालियन गिर्यारोहकामुळे. त्याचा जुन्या अपघाताने आखूड झालेला पाय 1980 साली कुर्गानलाच बरा केला गेला. हाड कापून बाहेरून कड्या आणि तारांनी धरतात आणि दिवसाला एक मिलिमीटर, तेही पाव-पाव मिलिमीटर चार वेळा, लांबवत नेतात. मधल्या फटीत नवं हाड तयार होतं. सहा सेंटिमीटर म्हणजे साठ दिवस नुसतं लांबवणं, आणि नवं हाड पक्कं होईपर्यंत त्याच्या दुप्पट-तिप्पट काळ कड्या पायावर. तारांच्या जागी जंतुसंसर्ग होतो, गुडघा आखडतो, रोज व्यायाम करून घ्यावा लागतो. हल्ली हाडाच्या आत बसवायचे खिळेही निघालेत, पण ते महाग आहेत. व्हिडिओत शेवटचं हसणं दिसतं, मधले सहा महिने दिसत नाहीत. पाच सेंटिमीटरच्या वर फरक उरला तर हा मार्ग घ्यावा लागतो आणि घेतलेली माणसं चांगली चालतात, हे मी पाहिलंय. पण वेळेवर छोटं ऑपरेशन करून ते टाळता येत असेल, तर मी तिकडे झुकते. तुमचे सर्जन काय म्हणतात ते शेवटचं.

बुटाचं आधी दुरुस्त करा. नुसती टाच उंचावली की पाऊल सतत बोटांवर उभं राहतं आणि पोटरीची शीर आखूड होत जाते, म्हणून तिची पोटरी दुखते. उंची पूर्ण सोलभर द्यायची, पुढे किंचित उतरती. बुटाच्या आत साधारण एक सेंटिमीटरच मावतं, त्याहून जास्त हवं तर बाहेरच्या सोलला लावायचं. एमसीआर, म्हणजे बारीक छिद्रांचं रबर मागा, हलकं असतं. फरक दोनचा असला तरी सुरुवातीला दीडच द्या, अंगवळणी पडू दे. घरात ती अनवाणी फिरत असणार, तेव्हा घरासाठीही तसाच सोल लावलेली चप्पल करा, नाहीतर अर्धा दिवस कंबर वाकडीच राहते. उंच सोल पाय वाढवत नाही आणि वाढ रोखतही नाही. तो आत्ताची चाल सोपी करतो, एवढंच.

कुठे जायचं? तुम्हाला सगळ्यात जवळचं मोठं ठिकाण बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज. सिंधुदुर्गातली कितीतरी माणसं तिथेच जातात. मुलांच्या हाडांचं काम करणारे डॉक्टर कधी बसतात ते विचारून जा. मिस्टर मुंबईत असल्याने परळचं वाडिया हॉस्पिटलही सोयीचं, ते खास मुलांचंच आहे. बुटांसाठी हाजी अलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वास संस्था आहे. जाताना अपघाताच्या दिवसाचा पहिला एक्स-रे घ्या, मिळत नसेल तर जिथे काढला तिथे जाऊन मागा. तो सगळ्यात मोलाचा कागद आहे. पट्टीला नेमका कसा मार लागला ते त्यातच दिसतं. आपल्याकडच्या पावसात फिल्म चिकटतात, म्हणून प्रत्येकीत कोरा कागद घाला, पत्र्याच्या डब्यात ठेवा आणि खिडकीच्या उजेडावर धरून फोनवर फोटो काढून मिस्टरांनाही पाठवा. सीडी देत असतील तर तीही घ्या.

तिथे दोन्ही पायांचा कमरेपासून घोट्यापर्यंत एकत्र, उभ्याने, मापाच्या पट्टीसह एक्स-रे काढतील. स्कॅनोग्राम म्हणतात त्यालाही. सोबत डाव्या हाताचा एक्स-रेही सांगतील. ‘दुखतोय पाय आणि हात कशाला?’ असं वाटून परत येऊ नका. मनगटाच्या छोट्या हाडांवरून हाडाचं वय कळतं आणि ते जन्मतारखेच्या वयापेक्षा वर्षभर मागेपुढे असू शकतं. वरच्या सगळ्या हिशेबात दहा वर्षं म्हणजे हाडाची दहा वर्षं धरायची असतात. वहीत तिची उंचीही लिहित जा, आणि पाळी सुरू होईल ती तारीखही. तिथून वाढ उतरणीला लागते.

अपंगत्वाच्या दाखल्याचं तुम्ही विचारलं नाहीत, पण कुणीतरी सुचवेलच. उपचार चालू असताना त्यामागे धावू नका. 2016च्या दिव्यांग हक्कांच्या कायद्याप्रमाणे बहुतेक सवलतींना 40 टक्के अपंगत्व लागतं आणि केवळ पाच-सहा सेंटिमीटरच्या आखूडपणावर ते गाठलं जात नाही. वाढ संपल्यावर, गुडघाही आखडलेला राहिला तर, पुन्हा विचार करा. तेव्हा हीच वही कामाला येईल.

खो-खो खेळू दे. पळण्याने थांबलेली पट्टी आणखी बिघडत नाही आणि चांगली असेल तर तिला धक्का बसत नाही. उंच सोलच्या बुटाने घोटा मुरगळण्याची भीती असते, म्हणून मैदानावर तो बूट सैल नको, नाडी घट्ट बांधा. तिला सांगा, पळताना वळायचं झालं तर डाव्या पायावर वळ.

आणि झाडाबद्दल. काजूच्या दिवसांत कोकणातलं प्रत्येक पोर झाडावर असतं. तुम्ही तिला चढू दिलंत, पडल्यावर दवाखान्यात नेलंत, बाईंनी सांगितल्यावर पुन्हा नेलंत, आणि दोन मापं जुळेनात तेव्हा पत्र लिहिलंत. त्या पत्रात महिने लिहिले होतेत, म्हणून मला एवढं सांगता आलं. या आठवड्यात बांबोळीची तारीख घ्या. स्कॅनोग्राम झाला की आकडे मला कळवा, दोन्ही पायांचे, मिलिमीटरमध्ये.